प्रतिसाद: आमसुलं थेट गटाकडून घेताना

घासाघीस न करता बचत गटाकडून आमसुलं घेतली की गटाला न्याय मिळाला, असं ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटलंय. पण खरी अडचण पैसे कधी देता याची आहे. आमसुलं ज्या फळांच्या सालींची होतात ते रातांबे (कोकमाची फळं) पिकतात एप्रिल-मेमध्ये. फळ, मीठ, मजुरी सगळं तेव्हाच रोख लागतं. तुम्ही दिवाळीला पैसे दिलेत तर गटाचे मधले महिने व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीवरच जातात, आणि भावही तोच ठरवतो. जागतिक फेअर ट्रेड संघटनेच्या तत्त्वांत खाद्यपदार्थांसाठी, मागितल्यास, किमान ५०% आगाऊ रकमेची तरतूद आहे ती उगाच नाही.

भाव ठरवताना पुटं, म्हणजे सालं रसात बुडवून वाळवण्याच्या फेऱ्या, मोजा. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची. दर पुटाला उन्हाचा एक दिवस जातो. वळवाच्या पावसाने गाठलं तर अर्धवट वाळलेल्या मालाला बुरशी धरते. हा तोटा एकट्या गटाच्या माथी मारू नका, आगाऊ रकमेतला काही भाग बिनपरतीचा ठेवा.

माल घेताना मूठभर आमसुलं दाबून बघा. हात ओला झाला किंवा मिठाचा पांढरा थर सुटला, तर वजनात पाणी आणि मीठच जास्त. बाकी काळपट रंगाला नाक मुरडू नका, जुनं आमसूल काळंच पडतं.