गेरूडो वाळवंटात दिवसा भाजतोय, रात्री गारठतोय आणि वादळात मॅपही जातोय. फिरायचं कसं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड हा खेळ २०१७ मध्ये आला, माझ्या हातात आत्ता कुठे आलाय. झोरा या पाण्यातल्या जमातीचं काम पूर्ण केलं, दिव्य हत्ती ताब्यात आला, म्हटलं आता जमायला लागलं. आणि गेरूडोत येऊन पार अडकलोय.

कालचं सांगतो. कारा कारा बाजारातून निघण्याआधी डोकं चालवलं. हायड्रोमेलनने ऊन सोसतं, तिखट मिरचीने थंडी सोसते, मग दोन्ही एकाच भांड्यात टाकलं तर दिवसरात्र एकाच जेवणावर निघेल. पाच ताटं रांधली. वाटेत खाल्लं तेव्हा कळलं की त्यात काहीच गुण उतरलेला नाही, नुसते हार्ट्स, म्हणजे जीव, भरतात. तोपर्यंत बाजार बराच मागे पडला होता. हार्ट्स जात होते, मी खात होतो, पुन्हा जात होते. कसाबसा सूर्य बुडाला. सुटलो म्हणेपर्यंत तापमानाचा काटा लाल भागातून थेट निळ्यात.

एका खडकावर चढून सकाळची वाट बघायचं ठरवलं. खाली वाळूत एक उंचवटा सरकताना दिसला, सरकत गेला आणि वळून परत आला. वर थंडीने हार्ट्स जातायत आणि खाली तो फिरतोय. शेवटी उतरलो आणि पळालो. सहा पावलंही झाली नसतील. वाळू फुटली, तो अख्खाच्या अख्खा हवेत आला आणि माझा खेळ संपला.

माझे प्रश्न असे. कपड्यांवर रुपी (खेळातलं चलन) घालवावेत की जेवणावरच भागवावं? दक्षिणेकडे गेलो तर वादळात कोपऱ्यातला छोटा मॅप बिघडतो, तिथे दिशा कशी धरायची? आणि सरळ विचारतो, हा भाग आत्ता सोडून आधी दुसरीकडे जावं का? तीन संध्याकाळी इथेच गेल्या आहेत.

पाषाण

तो उंचवटा म्हणजे मोल्डुगा. वाळवंटात असे चार आहेत. त्याला दिसत नाही, वाळूवरची हालचाल कळते. खडकावर तो येत नाही, म्हणजे तुमची जागा बरोबर होती, उतरलात तिथे चुकलं.

पुढच्या वेळी खडकावरूनच वाळूत रिमोट बॉम्ब फेका. तो बॉम्बकडे झेपावतो आणि गिळतो. गिळला की लगेच फोडा. तो उलटा होऊन पडला की उतरा, मनसोक्त मारा, आणि तो हलायला लागला की परत खडकावर. पूर्ण लढाई एवढीच आहे. घाबरून बाण वाया घालवू नका.

सोनकुसुम

रात्रपाळी, सोडून जाऊ नका. हे वाळवंट मी तीनदा पार केलंय. दोनदा चुकीचं खेळले आणि तिसऱ्यांदा कुठे ते मला उलगडलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जेवणाचं. एका भांड्यात दोन वेगळे गुण गेले की दोन्ही नाहीसे होतात, तुमचं तेच झालं. वेगवेगळं रांधा. पाच तिखट मिरच्या एकत्र टाकल्या तर साडेबारा मिनिटांची ऊब मिळते. आता हे लक्षात घ्या की या खेळातलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. म्हणजे खेळातली पूर्ण रात्र आपल्या बारा मिनिटांची, आणि मिरचीचं एक ताट म्हणजे जवळजवळ एक आख्खी रात्र. ते सूर्यास्ताला खायचं, दुपारी नाही. नवीन गुणाचं ताट खाल्लं की आधीच्याचा गुण जातो, म्हणून हायड्रोमेलनचा असर चालू असताना मिरची खाऊन तो वाया घालवू नका. तहानेची काळजी नको, पाणी पिण्याचा प्रकारच या खेळात नाही. एवढ्या रखरखाटात पहिल्यांदा मला ते खरंच वाटलं नव्हतं.

कपड्यांचं म्हणाल तर घ्याच. बाजारातल्या सराईच्या छपरावर विलिया उभी असते. तिच्याशी गोड बोला, ६०० रुपींना तिन्ही वस्त्रं देते. गेरूडो गावात पुरुषांना प्रवेश नाही, त्यामुळे गावासाठी ती लागणारच आहेत, वर उन्हालाही उपयोगी पडतात. फक्त गावात असताना तोंडावरचं वस्त्र बदलू नका, पहारेकरणी उचलून वेशीबाहेर काढतात. रात्रीसाठी सुरुवातीच्या ग्रेट प्लॅटोवर म्हाताऱ्याने दिलेलं डब्लेट, म्हणजे उबदार अंगरखा, असेल तर ते जपून ठेवा, पहिल्या खेपेला मी बऱ्याचशा रात्री त्याच्यावरच काढल्या. तेही नसेल तर फ्लेमब्लेड ही आगीची तलवार हाताशी घ्या, नुसती पाठीवर अडकवलेली असली तरी ऊब देते. पेटती मशालसुद्धा चालते. पुढे गावातल्या दागिन्यांच्या दुकानात दहा फ्लिंट नेऊन दिले की दुकान सुरू होतं. तिथे नीलमण्याचं सर्कलेट (डोक्यावरचा दागिना) उन्हासाठी आणि माणकाचं थंडीसाठी मिळतं, पण ते महाग आहे, आत्ता त्याच्या मागे लागू नका.

आता खरं सांगायचंय ते. पहिल्या दोन्ही खेपांना मी वाळवंटाकडे मधली जागा म्हणून बघितलं. या टोकावरून त्या टोकाला पोचायचं, वाटेत मरायचं नाही, बस. वाळूत पोहणारी सील पकडायची, तिच्यामागे ढालीवर उभं राहायचं आणि सुसाट. नाबोरिस या दिव्य पशूचं काम झालं, मी निघून गेले. तिसऱ्या खेपेला बर्फाच्या कामासाठी पायी जावं लागलं आणि माझी नजरच बदलली.

ते काम तुम्हालाही लागेल. गावाबाहेर एका श्राइनच्या (परीक्षेच्या छोट्या मंदिराच्या) चौथऱ्यावरच एक बाई उन्हाने कोलमडून पडलेली दिसेल. तिला गावातल्या कॅन्टीनमधलं थंड पेय हवंय. कॅन्टीनवाली म्हणते, बर्फ संपलाय. बर्फ उत्तरेच्या बर्फघरात. तिथून एक मोठी लादी उचलून दोन्ही हातांत धरून गावापर्यंत चालत आणायची. हातात लादी आहे म्हणजे तलवार नाही, ढाल नाही. आणि उन्हात ती डोळ्यांदेखत लहान होत जाते.

पहिल्या फेरीत मी सरळ रेषेत निघाले आणि अर्ध्या वाटेत हात रिकामे. दुसऱ्या फेरीत लादी उचलण्याआधी नुसती बर्फघराच्या दारात उभी राहिले आणि खाली बघितलं. त्या वाटेवर जुन्या पडक्या इमारतींचे खांब आणि भिंती आहेत. तोपर्यंत माझ्या लेखी ती नुसती सजावट होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी खांब बघितले नाहीत, त्यांच्या सावल्या बघितल्या. एक सावली संपते तिथून दुसरी सुरू होईपर्यंत किती पावलं उघड्यावर आहेत, ते मोजलं. मधे शत्रू कुठे आहेत ते हेरून आधी रिकाम्या हातांनी जाऊन त्यांना आडवं केलं. मग लादी उचलली. भिंतीला अंग घासत, सावलीच्या काठाकाठाने, उघड्यावर आलं की पळत. गावाच्या वेशीशी पोचले तेव्हा लादी अगदी एवढीशी राहिली होती, पण पोचली. पेय मिळाल्यावर ती बाई उठली आणि श्राइन मोकळं झालं. श्राइनमधून काय मिळालं ते विसरले, त्या सावल्या मात्र अजून पाठ आहेत.

वादळातल्या दिशेचं उत्तरही असंच तिथल्या तिथे ठेवलेलं आहे. वादळात हातात तलवार घेतलेल्या स्त्रियांचे दगडी पुतळे लागतात. पहिल्या पुतळ्यापाशी थांबा, कॅमेरा वर करा आणि तलवारीचं टोक कुठे रोखलंय ते नीट बघा. त्याच दिशेने चालत राहा, इकडेतिकडे वळू नका. सगळं पिवळं धूसर असतं, आपली पावलंसुद्धा पुसली जातात. मग त्या धुरळ्यातून आधी नुसता काळपट ठिपका येतो, जवळ गेलं की खांदा दिसतो, मग हात, मग तलवार. पुढचा पुतळा. असं करत करत केमा झूस नावाच्या श्राइनपर्यंत पोचता. कृपा करून हे कुठे व्हिडिओत बघून करू नका. सीलवरूनही जाता येतं, पण मी पायीच जा म्हणेन, कारण वेगात पुतळा बाजूने निघून जातो आणि कळतही नाही.

उघड्या वाळवंटात दिशेसाठी वेस्टलँड टॉवर धरा. चालू करण्याआधी तो नारिंगी दिसतो, नंतर निळा. रात्री तर दुरूनही चुकत नाही. आणि जिकडे ढग दाटून विजा कडाडतायत तिकडे नाबोरिस फिरतोय, तो उंटाच्या रूपातला दिव्य पशू. गावची प्रमुख रिजू भेटून थंडर हेल्म हे वीज अडवणारं शिरस्त्राण परत मिळेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका, तो जवळ येणाऱ्यावर वीज पाडतो.

तुमच्या जागी मी असते तर उद्याची संध्याकाळ पूर्ण बाजारातच घालवली असती. तळ्याभोवती हिंडा, लोकांशी बोला, फळं गोळा करा, विलियाला शोधा. वाळवंटात जायचं ते परवा.

पाषाण

सोनकुसुम, पुतळ्यांचं वाचून १९९८ आठवलं. याच मालिकेतल्या ओकारिना ऑफ टाइममधलं गेरूडोंचं हाँटेड वेस्टलँड. तिथेही वादळात काही दिसायचं नाही, एकापुढे एक रोवलेले झेंडे धरून जायचं. एक झेंडा चुकला की गोल फिरून जिथून निघालो तिथेच. आणि झेंडे संपले की लेन्स ऑफ ट्रुथ डोळ्याला लावायची, मग एक भूत दिसायचं, ते पुढे आणि आपण त्याच्या मागे, थेट डेझर्ट कोलोससपर्यंत. लहान होतो, त्या भुतावर विश्वास ठेवावा की नाही हेच ठरत नव्हतं.

आणखी एक. अर्बिटर्स ग्राउंड्स हे नाव २००६ च्या ट्वायलाइट प्रिन्सेसमध्ये आख्ख्या डंजनचं होतं. इथे त्या नावाचे अवशेष वाळूत गाडलेले आहेत आणि त्यांच्याभोवती मोल्डुगा फिरतो. जुन्या खेळाडूंनी तिथे जाऊन पाच मिनिटं उभं राहावं.

सोनकुसुम

उभी राहिले होते. खांबाच्या टोकावर बसून सूर्य बुडेपर्यंत. मोल्डुगा खाली फिरत होता आणि मी मिरचीचं ताट हातात घेऊन.

निमित्तमात्र

एक विचारू का? मी याच्या पुढच्या भागापासून, टियर्स ऑफ द किंगडमपासून सुरुवात केली आहे, २०२३ चा. तिथे हे वाळवंट पूर्ण धुळीनेच झाकलेलं आहे आणि गाव रिकामं. हेच नियम लागतात का?

सोनकुसुम

ऊन-थंडीचे नियम तसेच. गाव रिकामं दिसतं कारण लोक गावाखालच्या आसऱ्याला गेलेत, नीट शोधा. धुळीतून येणारे गिब्डो हे शत्रू साध्या तलवारीला दाद देत नाहीत, आग नाहीतर वीज लागते. रिजू सोबत आली की तिच्याभोवतीचं वर्तुळ पसरू द्या, शत्रू त्यात आला की मगच बाण सोडा, वीज पडते. गडबडीत आधीच सोडला तर बाण फुकट. पण जमलं तर आधी जुना खेळ खेळा. तेच गाव गजबजलेलं बघून मग ते ओस पडलेलं बघणं, याने फार फरक पडतो.

रात्रपाळी

आज आलोय सांगायला.

सांगितलंत तसं पहिली संध्याकाळ बाजारातच काढली. विलिया सापडली, कपडे घेतले. मिरच्यांची चार ताटं, हायड्रोमेलनची चार, वेगवेगळी. घोडा कॅन्यनच्या तबेल्यातच ठेवला.

काल मोल्डुगाकडे गेलो, त्याच खडकावर. पहिला बॉम्ब उशिरा फोडला, तो गिळून खाली गेला. दुसरा वेळेवर. तो उलटा पडला तेव्हा त्याचा आकार पहिल्यांदा नीट दिसला आणि क्षणभर उतरायचंच सुचलं नाही. चार फेऱ्यांत संपला.

मग वादळ. पहिला पुतळा सापडायलाच बराच वेळ गेला. टोक बघितलं, चालायला लागलो. दुसरा मिळाला. तिसऱ्याकडे जाताना मधे लिझाल्फोस हा सरड्यासारखा शत्रू वाळूतून उठला, लढण्यात माझं तोंड फिरलं आणि मारून झाल्यावर कुठून आलो होतो तेच कळेना. सगळीकडे सारखाच पिवळा धूर. आधीचा मी असतो तर तिथूनच टेलिपोर्ट करून बाहेर पडलो असतो. थांबलो. लिझाल्फोसची शेपटी आणि शिंगं वाळूत पडली होती, ती उचलली नाहीत, खूण म्हणून तशीच ठेवली. तिथून एका दिशेला वीस पावलं, काही नाही, परत खुणेपाशी. दुसऱ्या दिशेला वीस, परत. चौथ्या खेपेला तो काळपट ठिपका दिसला. सोनकुसुम, तुम्ही लिहिलंय तसंच, आधी खांदा.

केमा झूस झालं. परत जाऊन ती शेपटी पण उचलून आणली.

बर्फाची लादी मात्र दोनदा वितळली. उद्या आधी सावल्या बघणार आहे.