तीन मोटारसायकली पावसाळ्यापुरत्या माळ्यावर चढवायच्या आहेत: हुक कुठे लावू?

बाजारपूल_चिपळूण:
नमस्कार मंडळी. घर चिपळुणात, वाशिष्ठी नदीपासून हाकेच्या अंतरावर. २२ जुलै २०२१ ला गॅरेजात छातीच्या वर पाणी होतं आणि वडिलांची येझदी रोडकिंग, माझी आरएक्स १०० आणि भावाची क्लासिक ३५० तिघी त्यात उभ्या. इंजिनं उघडून चिखल काढला, वायरिंग नवीन टाकलं. झालं ते झालं, पण परत नको.

गॅरेजला माळा आहे. खालपासून माळ्याची फळी ९ फुटांवर, तिथे तेव्हाही पाणी पोचलं नव्हतं. भिंती चिऱ्याच्या, तुळया सागाच्या, वर कौलं. पुढच्या बाजूला माळा अर्धा उघडा आहे, त्या उघड्या भागात जमिनीपासून आढ्यापर्यंत १७ फूट मिळतात. बेत असा की मृग लागला की येझदी आणि आरएक्स वर, गणपती झाले की खाली. क्लासिक भावाची रोजची, ती गरज पडेल तशी.

बाजारात २००/४०० किलोचा छोटा इलेक्ट्रिक होइस्ट (वजन वर उचलायचं यंत्र) मिळतो, सगळे तोच सुचवतात. पण आमच्याकडे पाणी चढायच्या आधी लाईट जाते, मग तो होइस्ट काय पूजेला ठेवू? म्हणून हाताची चेनपुली (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) डोक्यात आहे. हुक आढ्याला अडकवला तर चालेल का? ओढायला मी आणि सत्तरीचे वडील, एवढेच.

जिना अरुंद आणि वळणाचा आहे, तो विषय सोडा. आणि ‘विकून टाक’ म्हणणाऱ्यांनी आधी आमच्या बाबांशी बोलावं.

वेल्डिंगकाका_गुहागर:
आढ्याला हात लावू नका. ते कौलांचा भार घ्यायला बसवलेलं असतं, मधोमध लोंबणाऱ्या गाडीसाठी नाही. चिऱ्यात गर्डरचं टोक खोचायचं असाही सल्ला कोणी देईल. तोही नको, टोकाखालचा चिरा भरडतो. जमिनीतून चार पोस्ट उभ्या करा, काँक्रीटच्या पायावर, आणि वर त्यांनाच जोडून आडवा आय-बीम (इंग्रजी I आकाराचा लोखंडी गर्डर). घराच्या कुठल्याही भागावर वजन येता कामा नये.

आता खरी अडचण सांगतो, ती उंचीची आहे. गाडी पट्ट्यांनी थेट टांगलीत तर गाडीची उंची साडेतीन फूट, त्यावर पट्ट्यांचा त्रिकोण, त्यावर चेनपुली स्वतः फूटभर घेते, मग बीम. माळ्याच्या वर तुमच्याकडे ८ फूट आहेत, त्यात हे जेमतेम बसतं. जागा कमी म्हणून पट्टे आखूड केलेत तर ते आडवे होतात आणि ताण वाढतो. दोन पट्टे आडव्या रेषेशी ३०° वर आले तर प्रत्येकावर अख्ख्या गाडीइतका ताण. शिवाय वर आलेली गाडी हवेत गरगरत राहणार, ती माळ्यावर ओढणार कोण? बाबा?

त्यापेक्षा पाळणा करा. साडेसात फूट बाय ३ फुटांची चौकट, वर चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा), आणि दोन्ही बाजूंनी उभे पाइप घेऊन डोक्यावर एक दांडा, झोपाळ्याला असतो तसा. चेनपुलीचा हुक त्या दांड्यात. चार पोस्टच्या आत पाळणा रोलरवर सरकतो, त्यामुळे हेलकावे नाहीत. माळ्याच्या पातळीला आला की पोस्टमधल्या भोकांत चार जाड पिना घालायच्या आणि पाळणा त्यांच्यावर टेकवायचा. मग साखळीवर भार नाही, गाडी ढकलत माळ्यावर न्यायची. क्लासिक १९५ किलो, पाळणा धरा १०० किलो. १ टनाची पुली पुरून उरते.

हाताची साखळी माळ्याच्या काठाशी येईल अशी ठेवा आणि वर उभं राहूनच ओढा. खाली कोणी नको, पाळण्यात तर नकोच नको.

नाना_मालवण:
येवढा लोखंड कित्याक? आमच्याकडे घराच्या मागे भरड चढती आहे, माळ्याची मागची भिंत उघडून वरच्या वाटेवरून सरळ साकव (छोटा पूल) टाकला. गाडी चालवत माळ्यावर. तुमच्या मागे चढ असेल तर आधी तो बघा.

बाजारपूल_चिपळूण:
नाना, मागे चढ असता तर पाणी आत आलंच नसतं हो. सगळं सपाट. साध्या उताराचा हिशोबही केला, ९ फुटांसाठी एकास तीन धरला तरी २७ फूट लागतात. तेवढं अंगण असतं तर दोन नारळ अजून लावले असते.

काका, पाळणा पटला. माळ्याच्या फळ्या धरतील का?

खारा_वारा_देवगड:
फळ्यांचं मी सांगतो. गाडीचं वजन दोन चाकं आणि स्टँड एवढ्यावरच येतं. साइड स्टँडचा पाय जुन्या फळीत रुततो, खाली लोखंडी पट्टी टाका. गाड्या तुळईवर आडव्या येतील अशा लावा, म्हणजे दोन-तीन तुळया मिळून भार घेतील, आणि शक्यतो भिंतीकडेला. तुळयांची भिंतीतली टोकं एकदा टोचून बघा. वाळवी आणि ओल तिथेच असते, वरून तुळई ठणठणीत दिसते.

वर नेण्याआधी टाकी रिकामी करा. माळ्यावर पेट्रोल नको हे एक, आणि हल्लीचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं, चार महिन्यांत टाकी आणि कार्ब्युरेटर आतून खातं. रिकाम्या टाकीत थोडं इंजिन ऑइल फिरवा. बॅटरी काढून घरात.

चेनपुलीच्या भाराच्या साखळीला तेल द्या, आमच्या हवेत नाही दिलं तर एका पावसात लाल होते. पण पुलीच्या आतल्या ब्रेकच्या चकत्यांना तेलाचा थेंब नको. साखळी हातातून सुटली तरी गाडी जागच्या जागी थांबते ती त्या चकत्यांच्या घर्षणावर. पुलीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. सुती फडकं बरं.

बाजारपूल_चिपळूण:
हे उत्तम. क्लासिकचं भावाला सांगितलंय, पाणी रस्त्यावर दिसेपर्यंत थांबायचं नाही. जोराचा पाऊस आणि रात्री भरती असं जुळलं की संध्याकाळीच गाडी वर, सकाळी ऑफिसला एसटी. तोंड वाकडं केलंन, पण कबूल झाला.

आता फॅब्रिकेटरकडे माप घेऊन जातो. पहिल्यांदा आरएक्सच चढवावी ना? सगळ्यात हलकी.

वेल्डिंगकाका_गुहागर:
गाडी नाही. सिमेंटच्या ८ गोणी ठेवा, ४०० किलो झाले. फूटभर उचला आणि चहा पिऊन या. पाळणा खाली उतरला नसेल आणि पोस्टचा ओळंबा हलला नसेल तर वरपर्यंत न्या, पिना घाला, काढा, खाली आणा. वेल्डिंगचे सांधे हात फिरवून तपासा. मग आरएक्स. आणि माळ्याच्या उघड्या काठाला रेलिंग, पाळण्यासमोर तेवढं आत उघडणारं फाटक. गाडी मागे घेताना पाय कुठे पडतो ते दिसत नाही.

पोस्टना रेड ऑक्साइडचे दोन हात मारून मगच रंग द्या. काँक्रीटचा पाया जमिनीच्या वर ४ इंच तरी येऊ दे, पोस्टचा तळ त्यावर.