फाइव्ह स्टार गिझर घेतला, बिल मात्र तेवढंच. स्टार नक्की कशाचे?

मुलुंडकर:
सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. बिल्डरने यादीत 'फाइव्ह स्टार गिझर' ठळक छापलंय, कमिटीतले दोघे त्यावरच खूश. आत्ताच्या भाड्याच्या घरात मी दिवाळीत फाइव्ह स्टारचाच १५ लिटरचा बसवला. बिलात फरक शोधूनही सापडत नाही. आम्ही चौघं, सकाळी सहा ते सात या वेळेत लागोपाठ आंघोळी, मग बटण बंद. पैसे पाण्यात गेले का? (गरम पाण्यात, फार तर.)

टेस्टर_दादर:
काका, ते स्टार टाकीच्या थर्मासपणाचे. भरलेल्या टाकीतून दिवसभरात किती उष्णता गळते, त्यावर बीईई (वीज बचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) स्टार देते. पाणी तापवायची वीज त्यात धरत नाहीत. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागणारच, स्टार एक असो वा पाच. तुम्ही तासाभरात बंद करता, गळायला वेळच कुठे मिळतो? दिवसभर चालू ठेवणाऱ्यांना फायदा.

बोरिवली_७२:
पाइप गॅसचा लावा, विषय संपला.

टेस्टर_दादर:
बंद बाथरूममध्ये नको हो. कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.

परतलेली_ठाणेकर:
इंग्लंडमध्ये आठ वर्षं भाड्याने राहिले, तिथेही असाच घोळ. घराला ऊर्जेच्या वापरासाठी ए ते जी ग्रेड, दाखला १० वर्षं चालतो. पण ग्रेड ठरते वीज-इंधनाच्या अंदाजे खर्चावर. तिथे वीज गॅसच्या साधारण चौपट महाग, त्यामुळे गॅसचा बॉयलर काढून हीट पंप (हवेतली उष्णता ओढणारं विजेचं यंत्र) लावला तरी ग्रेड वाढेलच असं नाही, कधी उतरतेही. धूर कमी, शेरा वाईट! म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने भिंती-खिडक्या, तापवायची यंत्रणा आणि खर्च यांचे वेगवेगळे आकडे द्यायचा प्रस्ताव मांडला. आपल्या लेबलवरही 'पाणी कशाने तापतं' हे हवं. तुम्ही गच्चीवर सामायिक हीट पंप मागा. तो विजेच्या एका युनिटमागे तीनेक युनिट उष्णता देतो, आणि मुंबईत हवा आधीच गरम.

मुलुंडकर:
काल मीटिंगमध्ये विषय काढला. बिल्डरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "त्याला स्टार किती?" कमिटीतले दोघेही माझ्याकडेच बघायला लागले.