अनुभव धागा: छोट्या बेटावरची सुट्टी आणि आपण खान्देशी

तापीकाठची
मालवणच्या होड्या पुन्हा सुरू झाल्याचं भाच्यानं सकाळी फोनवर सांगितलं आणि आईची आठवण आली. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी वाहतूक बंद असते, समुद्र निवला की मग सोडतात. आईला तिथे घेऊन गेलो तेव्हा तिनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आम्ही अमळनेरचे. नळाला पाणी यायच्या दिवशी घरातली बादली, पातेली, हंडे, सगळं भरून ठेवण्यात आईचा जन्म गेला.

वाटाड्या छान सांगत होता. १६६४ साली कुरटे बेटावर बांधकाम सुरू झालं, चुन्यात उमटवलेला महाराजांच्या हाताचा ठसा, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर. आई सगळं हात जोडून ऐकत होती. पण साखरबावेपाशी आली आणि तिथून हलेचना. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि तटाच्या पलीकडे चहूकडे समुद्र. किल्ल्यात राहणाऱ्या एका बाईनं कळशीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. आईनं आधी जिभेच्या टोकानं चव पाहिली, मग घटाघटा प्याली, उरलेला ओला हात डोळ्यांवरून फिरवला. "माय वं, चारीमेर खारं नि मझार गोडं!" घरी आल्यावर गल्लीतल्या बायांना तिनं समुद्राचं काहीच सांगितलं नाही. विहिरीचंच सांगत राहिली.

आपल्याकडून समुद्र लांब. तरी बेटावर सुट्टीला गेलेले, बेटावर राहिलेले, तिथेच जन्मलेले कोणी असाल तर लिहा. नदीतलं, धरणातलं बेटही चालेल.

भुसावळ_जंक्शन
होडी लागते का हो? मिसेसला जळगावपर्यंत बसनं गेलं तरी उलटी होते. दिवाळीत दीवचं ठरतंय.

धुळेकर वहिनी
भाऊ, दीवला होडी लागत नाही, पूल आहे. घोघल्याकडून गाडी सरळ बेटावर जाते. होडीचं बोलाल तर मालवणला, जंजिऱ्यासाठी राजापुरीला, मी आमच्या ताईंना मधल्या भागात बसवते, टोकाला नाही. लांब क्षितिजाकडे बघत राहायचं, मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. आलं-लिंबाच्या वड्या घ्या सोबत.

भुसावळ_जंक्शन
पूल आहे?? मग बेट कसलं 😄 धन्यवाद वहिनी, अर्धी काळजी मिटली.

गिरणाकाठ
दीवचं निघालंच आहे तर लिहितो. वडील फौजेत होते, चाळीसगावला येऊन स्थायिक झाले. नागोआ बीच, किल्ला, नायडा गुंफा हे सगळे करतातच. आम्हाला त्यांना खुकरी स्मारकावर न्यायचं होतं. आयएनएस खुकरी ही आपली युद्धनौका पाकिस्तानशी युद्धात ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या जवळच बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. स्मारकात काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे, पाठीमागे उघडा समुद्र.

वडिलांचे गुडघे तेव्हा कामातून गेलेले. काठी माझ्या हातात दिली आणि सावधान उभे राहिले. बाजूला पोरं सेल्फी काढत होती. त्यातल्या एकानं वडिलांकडे पाहिलं, फोन खिशात घातला आणि तोही ताठ उभा राहिला. नंतर त्यानंच वडिलांना हात धरून पायऱ्या उतरवल्या. सुरतचा होता. पुढे दर दिवाळीला त्याचा फोन यायचा, वडील असेपर्यंत.

दीवला जाणाऱ्यांनी तिथे जरूर थांबा. सगळी गर्दी नागोआलाच असते.

तापीकाठची
गिरणाकाठ दादा, वाचून डोळे भरले. वडिलांच्या स्मृतीला माझा नमस्कार.

पांझरानु पानी
मी बी दिवले जायेल शे. गंगेश्वरले समिंदरनी लाट येस नि महादेववर पानी टाकी जास, पुजारी लागतच नही. मनी माय म्हने, एवढं पानी नि एक बी वावरना कामनं नही!

धुळेकर वहिनी
पांझरानु पानी, तुमच्या मायनं खरं शेतकऱ्याचं बोलणं केलं. माझे सासरेही समुद्र बघून हेच म्हणाले होते.

जामनेरची सून
बेटावर जन्मलेले लिहा म्हणालात म्हणून लिहिते. एरवी मी फक्त वाचत असते. माझं माहेर घारापुरी, मोराबंदर. मुंबईचे लोक एलिफंटा म्हणतात. बेटावर तीन गावं, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. सासरी पहिल्यांदा कुणी विचारलं, गावात काय काय आहे? म्हटलं, जगात नाव झालेली लेणी आहेत, पण लाईट नाही. त्यांना खोटंच वाटलं. आमच्याकडे संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा, बाकी कंदील. समोर मुंबई रात्रभर झगमगत असायची आणि आम्ही कंदिलाच्या काचा पुसत बसायचो. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली २०१८ साली. लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला १९८७ ला. मधल्या वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

वीज आली तेव्हा मी इकडे जामनेरला होते. आईनं फोन केला आणि काही बोलेचना, नुसता फॅनचा आवाज ऐकवला.

पाहुणे येतात गेट वेहून, तासाभराचा प्रवास. जेट्टीवरून छोटी गाडी, मग पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं. त्या दुकानांवरच आमच्या घरांची चूल पेटते. सोमवारी लेणी बंद, म्हणून लग्नाची बोलणी, दवाखाना, बाजार असं सगळं सोमवारी. पाहुण्यांना बेटावर रात्री राहू देत नाहीत. शेवटची लाँच गेली की घाटावर बाया निवांत बसतात, पोरं पाण्यात उड्या मारतात. मला विचाराल तर खरं घारापुरी तेव्हाचं. ते तुम्हाला बघता येणार नाही याचं मला वाईट वाटतं.

एकच विनंती. माकडांना खायला देऊ नका. तुम्ही लाँच पकडून जाता, ती माकडं नंतर आमच्या घरात शिरतात.

सातपुडा_मास्तर
जामनेरची सून, तुम्ही अजून लिहा. शाळेचं काय करायचात?

जामनेरची सून
मास्तर, लहान वर्ग गावातच. पुढे होडीनं उरणकडे. वारा फिरला की शाळा बुडाली. पोळ्या लाटतेय, रात्री लिहिते.

केळीबाग रावेर
आमच्या भागात बेट म्हटलं की ओंकारेश्वर. मांधाता बेट नर्मदेत आहे, हे अर्ध्या लोकांच्या ध्यानातच येत नाही, पूल ओलांडून सरळ रांगेत उभे राहतात. दर्शन झालं की परत. परिक्रमा करा राव! सातेक किलोमीटर आहे, सगळ्या बेटाला फेरी. मागच्या अंगाला कावेरी नावाची नदी नर्मदेला मिळते तो संगम, वर गौरी सोमनाथाचं जुनं देऊळ. आता शंकराचार्यांचा १०८ फुटांचा पुतळाही झालाय, २०२३ साली. माझी आजी अनवाणी चालायची. वाटेत कुठं बसली तर आम्हाला म्हणायची, मी दमले नाही, तुम्ही दमले म्हणून बसले.

पावसाळ्यात गेलात तर घाटावर नीट ऐका. वर लगेच धरण आहे. पाणी सोडायचं असलं की भोंगा होतो. भोंगा झाला की पोरांना आधी वर घ्या, फोटो नंतर.

भुसावळ_जंक्शन
खंडव्याहून छोटी लाईन होती तेव्हा काय मजा होती! ओंकारेश्वर रोडला उतरायचं. डब्यात भज्यांचा वास, खिडकीतून हात बाहेर काढला तर फांद्या लागायच्या.

केळीबाग रावेर
हो ना. आजीची बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची पिशवी एकदा त्या गाडीतच राहिली. मोरटक्क्याच्या, म्हणजे ओंकारेश्वर रोडच्याच हमालानं पुढच्या खेपेला ओळखून परत दिली. एकही बिबडी कमी नव्हती.

भरीतवाला
बिबड्या!! भाऊ भूक लागली. कोणी सांगा, बेटावर खायचं काय न्यावं? शेवभाजी तर टिकणार नाही.

धुळेकर वहिनी
गुळाच्या दशम्या, लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, कळण्याची भाकरी एक दिवस. पण तिथलंही खा. मालवणला जाऊन दशम्याच खाल्ल्या तर त्या बायांनी सोलकढी कोणासाठी केली?

सातपुडा_मास्तर
शिरपूरहून लिहितो. एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर अंदमानला गेलो होतो, त्यात नील बेट. २०१८ पासून शहीद द्वीप म्हणतात. चालत निघालं तर जेवणाच्या वेळेपर्यंत बेट संपतं. बरोबरच्या लोकांनी प्रवाळ पाहिले, मी पालक पाहिला. हसू नका! वाफे, मिरची, वांगी, सुपारी, केळी. बंगाली कुटुंबं तिथे वसवली गेली, त्यांनी ही शेती उभी केली. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, इथूनच जहाजानं भाजी जाते. एका काकांना विचारलं, विहिरीला पाणी किती? त्यांना हिंदी बेताचं, मला बंगाली शून्य. पण दोघांनी वाफ्यात बसून बोटांनी मापं दाखवत छान गप्पा मारल्या. निघताना एक काकडी तोडून हातात दिली.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीलाच जवळून दिसतो, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. आणि तिथे घड्याळ आपलंच, पण सूर्य आपल्याआधी. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सूर्यास्त बघायचा म्हणून आपल्या हिशेबानं निघालात तर अंधारात पोचाल.

केळीबाग रावेर
मास्तर, केळी कोणती होती? आपल्यासारखी बसराई की उंच?

सातपुडा_मास्तर
उंच. घड लहान, पण गोडी भारी. फोटो आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

अक्राणीचा
नमस्कार. धडगाव बाजूचा आहे, सध्या शहाद्याला नोकरी. तुमच्या गोष्टी वाचून बरं वाटलं, आता आमचीही वाचा.

आमचा पाडा डोंगरावर होता. खाली नर्मदा, काठाला शेतं. सरदार सरोवराचं पाणी वर येत गेलं तसा डोंगर टापू झाला. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं, तेव्हा पायवाटही गेली. महाराष्ट्रातली ३३ गावं या पाण्याखाली आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. बऱ्याच लोकांचं पुनर्वसन झालं, काही अजून काठावरच आहेत. माझे काका तिथेच आहेत. दवाखाना होडीतून येतो, तरंगता दवाखाना. डॉक्टर, नर्स, औषधं सगळं होडीत. होडी आली की पोरं काठावरून ओरडतात आणि बाया लेकरं घेऊन उतरतात. वारं जास्त असलं तर ती येत नाही. मग ताप अंगावर काढायचा, नाहीतर आपली होडी काढायची.

आता सुट्टीला लोक येतात. टापू दाखवा म्हणतात, फोटो सुंदर येतात. येतात ते येऊ देत, मला राग नाही. सुंदर आहेच ते. सकाळी पाण्यावर धुकं असतं, मागं सातपुड्याच्या रांगा. पण पाण्यातून वर आलेली वाळकी झाडं दिसतात ना, त्यांच्यासोबत फोटो काढताना एवढं माहीत असू द्या की ती मोहाची, आंब्याची झाडं आहेत आणि प्रत्येकाला मालक होता. काकी अजून सांगते, ते अमक्याचं, ते तमक्याचं. एक आंबा आमचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की होडी मुद्दाम त्याच्या बाजूनं घेते आणि खोडाला हात लावते.

आलात तर लाइफ जॅकेटशिवाय होडीत बसू नका, होडीवाल्यानं नाही म्हटलं तर तो दिवस सोडून द्या. पाण्याखाली खोडं आहेत, कुठं आहेत ते त्यालाच ठाऊक. मासळी तिथेच विकत घ्या, पैसे पाड्यात राहतात. मे महिन्यात आलात तर खडकावर आमचूर वाळत असतं, तेही घ्या.

तापीकाठची
अक्राणीचा दादा, तुमच्या काकीला सांगा, अमळनेरची एक बहीण वाचून खूप वेळ नुसती बसून राहिली.

भुसावळ_जंक्शन
असंच हरसूदचं. नर्मदेवरच्याच इंदिरा सागर धरणात २००४ ला सगळं शहर गेलं, माझ्या मावशीचं घर होतं तिथे. आता त्याच पाण्यावर हनुवंतिया आहे, खंडव्याहून मुंदीमार्गे जातात. तंबू, बोटी, पाण्यात टापूच टापू, पोरांना फार आवडतं. मावशीला नेलं होतं. बोटीत बसली, पण कुणालाही फोटो काढू दिला नाही. मुलांना म्हणाली, तुम्ही खेळा, मी बघते. मी तरी पुन्हा जाईन, मुलांना हरसूदचं नाव सांगण्यासाठी जाईन.

जामनेरची सून
पोळ्या झाल्या. अक्राणीचा दादा, तुमच्याकडे पाड्यात वीज आहे का?

अक्राणीचा
ताई, सौर दिवे आहेत. पावसाळ्यात ढग राहिले की मंद होतात. फॅन नाही.

जामनेरची सून
तुमच्या काकीशी बोलायला आवडेल मला. नेटवर्क लागतं का तिथे?

अक्राणीचा
डोंगराच्या माथ्यावर लागतं. सरपणाला वर जाते तेव्हा तीच फोन करते. नंबर व्यनि करा, तिला देतो.

भरीतवाला
आमचूर कसं मिळेल? मे पर्यंत थांबवत नाही. आमटीला बाजारातली पूड टाकतो, त्यात काही दम नाही.

अक्राणीचा
मोलगीच्या बाजारात मिळतं भाऊ, फोडीच घ्या, पूड घरी करा. मी शनिवारी घरी जातोय, किती आणू ते सांगा.

धुळेकर वहिनी
मलाही किलोभर. शहाद्याला आमचे जावई आहेत, ते घेऊन येतील.