बहामनी आणि आदिलशाही अमलात वतनाचा तंटा कोणापुढे जात असे?

प्रश्न : वाईकर
पहिल्या महंमदशाहाने बहामनी राज्याच्या चार तरफा (प्रांत) केल्या आणि वजीर महमूद गावानने पुढे त्यांच्या आठ केल्या, हे सर्वत्र वाचायला मिळते. परंतु तरफदार (तरफेचे सुभेदार) आणि नंतरच्या आदिलशाहीतील मोकासदार (वसुलासाठी मुलूख मिळालेले सरदार) व हवालदार (सरकारी अंमलदार) ही मंडळी बदलत राहत असताना पाटीलकीसारख्या वतनाचा (वंशपरंपरागत हक्काचा) तंटा प्रत्यक्षात कोणापुढे जात असे? गोतसभा (वतनदार व गावकऱ्यांची निवाडा करणारी सभा) सरकारपासून स्वतंत्र होती, असे मानावे काय?

प्रतिसाद : मोडीवाचक
स्वतंत्र म्हणणे मला पटत नाही. वतनाच्या निवाड्याचा कोणताही महजर (सभेचे निवाडापत्र) उघडून पाहावा. आरंभी शुहूर सन (त्या काळची एक वर्षगणना) अरबी अंकशब्दांत असतो आणि त्यानंतर ‘हाजिर मजालसी’ (सभेला हजर असलेले) याखाली काजी, हवालदार असे दिवाणाकडील (सरकारकडील) लोक प्रथम येतात, मग देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन, आसपासच्या गावांचे पाटील आणि शेवटी बलुतेदार. ज्यांना लिहिता येत नसे, ते आपली निशाणी करीत : कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. म्हणजे एकाच कागदावर सरकारी शिक्काही असे आणि न्हाव्याचा आरसाही. वतन कोणाचे, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या माहितीवरून गोत सांगत असे; तो निवाडा अमलात आणण्याचे बळ मात्र दिवाणाचे होते. दिवाण हे फुकट करीत नसे, हेही ध्यानात घ्यावे. जिंकणाऱ्याकडून शेरणी (नजराणा) आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) वसूल होत असल्यामुळे तंटा कोणीही जिंकला, तरी सरकारात भर पडतच असे. बांधाबंधाऱ्याची किरकोळ भांडणे बहुधा पाटील आणि पंच गावातच मिटवीत.

प्रतिसाद : जुन्नरकर
वरील विवेचन मान्य आहे. केवळ तरफांविषयी थोडी भर घालतो. तरफा वाढवण्यामागे गावानचा रोख रयतेवर नव्हता, तरफदारांवर होता. त्याने प्रत्येकाच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीचे किल्लेदार थेट सुलतानाकडून नेमले आणि तरफांतील काही मुलूख खालशात (थेट सरकारी ताब्यात) घेतला. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे केलेल्या आरोपावरून त्याचा वध झाला आणि दहा वर्षांच्या आतच जुन्नरकडे मलिक अहमद (निजामशाहीचा संस्थापक) आणि विजापुरात यूसुफ आदिलखान स्वतंत्र झाले. जुन्नर आणि विजापूर ही दोन्ही ठाणी त्याने नव्याने पाडलेल्या तरफांचीच होती, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

वाईकर :
आभारी आहे. मग देशमुखाला सरकारी अधिकारी म्हणावे की गावकऱ्यांचा प्रतिनिधी?

मोडीवाचक :
माझ्या मते दोन्ही, आणि त्यातच त्याची ताकद होती. मोकासा सुलतानाच्या मर्जीने मिळे आणि मर्जीनेच जाई. देशमुखी मात्र वंशपरंपरेने चाले. परगण्याचा वसूल उभा करायचा, तर नव्या मोकासदारालाही देशमुखाचाच आधार घ्यावा लागे. दुसऱ्या अली आदिलशाहाने जून १६५९ मध्ये रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांना फर्मान पाठवून अफझलखानास सामील होण्याची आज्ञा केली. प्रांतावर सुभेदार असतानाही बादशाहाला मावळच्या एका वतनदाराला असे थेट लिहावे लागले. तरीही कान्होजी शिवाजी महाराजांच्याच बाजूला राहिले.