नाटकाचा भयपट करताना कॅमेराच आडवा येतो

पिटातला प्रेक्षक
गेल्या पंधरवड्यात जेवणं आटोपली की रोज रात्री एक, असे रंगमंचावर घडणारे भयपट पाहिले. 'फँटम ऑफ द ऑपेरा' (1925चा मूकपट), 'थिएटर ऑफ ब्लड' (1973), आणि दोन इटालियन दिग्दर्शकांचे, सोआवीचा 'डेलिरिया' व अर्जेन्तोचा 'ऑपेरा' (दोन्ही 1987). माझं मत असं झालंय की नाटकातली भीती सिनेमाला पकडता येत नाही. नाटकात समोरचा माणूस जिवंत असतो. तो वाक्य विसरला तर पोटात गोळा आपल्या येतो. सिनेमावाल्यांना थिएटर हवं असतं ते लाल मखमल, झुंबर आणि तळघरापुरतं. त्याजागी पडका वाडा टाका, पटकथेची दोन पानंही बदलावी लागणार नाहीत. 'फँटम' तर कहर आहे. ऑपेरावरचा सिनेमा, आणि गाणं ऐकूच येत नाही!

'थिएटर ऑफ ब्लड' फार आवडला, पण तो भयपट नव्हेच. पुरस्कार हुकलेला नट समीक्षकांना शेक्सपिअरच्या नाटकांतल्या रीतीने मारत सुटतो. एकाला त्याचेच लाडके पूडल कुत्रे शिजवून खाऊ घालतो. हसून पुरेवाट झाली.

निशाचर
साफ असहमत. 'डेलिरिया' झोपेत पाहिलात का? एक मंडळी संगीतिकेची तालीम करतेय, त्या संगीतिकेतला खुनी घुबडाचं डोकं घालतो. रात्रभर तालीम व्हावी म्हणून दिग्दर्शक दारं लावून घेतो आणि किल्ली एका नटीला लपवायला देतो. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला माणूस आधीच आत शिरलाय. तो घुबडाचं डोकं चढवून रंगमंचावर येतो, त्याच नटीसमोर नुसता उभा राहतो. दिग्दर्शकाला वाटतं, आपलाच नट एंट्री घेऊन अडखळलाय. तो खालून ओरडतो, मार तिला! आणि तो मारतो. चाकू खरा आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि किल्ली कुठे आहे हे फक्त तिलाच माहीत होतं.

हे आता वाड्यात करून दाखवा.

पिटातला प्रेक्षक
प्रसंग झकास आहे, मान्य. पण पुढे? ड्रिल, करवत, रक्त. कुठल्याही गोदामात चाललं असतं.

निशाचर
आणि शेवट विसरलात? तो सगळी प्रेतं रंगमंचावर आणून नीट मांडतो. पिसं उडतायत, संगीत लावलंय, आणि हा मधोमध खुर्चीत बसलाय. त्याने नाटक बसवलंय हो! किल्ली अडकलीय त्याच्या पायाजवळच्या फळ्यांच्या फटीत, आणि वाचलेली एकटी मुलगी रंगमंचाखाली शिरून ती काढायला बघतेय. गोदामाला खालून फळ्या असतात का?

दुसरी विंग
मी बॅकस्टेजवाली, म्हणून मध्ये पडते. तुम्ही दोघंही खुर्चीत बसून बोलताय.

एका स्पर्धेत आमच्याकडे एक लेव्हल (नेपथ्यातला लाकडी चौथरा) सरकवायची होती, ब्लॅकआउट मोजून पंधरा सेकंदांचा. रंगमंचाच्या कडेची, अंधारात चमकणारी रेडियमची पट्टी कुणाच्या तरी चपलेला चिकटून गेली होती. मी लेव्हल ढकलत मागे मागे गेले आणि डाव्या टाचेखाली काहीच लागेना. समोर प्रवेश रंगल्याच्या टाळ्या चालू, आणि माझा एक पाय हवेत. लेव्हलची कड धरून ठेवली म्हणून वाचले. नखात प्लायची कुसळं गेली ती दोन दिवस काढत होते.

सांगायचं काय, तर थिएटरमध्ये भुताची गरजच नाही. वर टनावारी वजन लटकलेलं असतं आणि खाली माणसं अंधारात पळत असतात. फँटमची गोष्ट लिहिणाऱ्या लरूला हे कळलं होतं. ती गोष्ट घडते त्या पॅरिसच्या ऑपेरात 1896 मध्ये झुंबराचं तोलवजन खरोखर छत फोडून खाली आलं आणि प्रेक्षकांतली एक बाई गेली. तळघरातलं पाणीही खरंच आहे, तिथे अग्निशामक दलाचे लोक पोहण्याचा सराव करतात. तेव्हा 'वाडा टाका' हे त्या गोष्टीपुरतं तरी मागे घ्या.

आबोली
'फँटम'च्या मूकपणावरून एवढं हिणवू नका. मुखवटा उतरतो तो प्रसंग आठवा. ऑपेराच्या तळघरात राहणारा फँटम ऑर्गन वाजवतोय, त्याने पळवून आणलेली गायिका मागून हळूच येते आणि मुखवटा ओढते. त्याचं तोंड आपल्याकडे आहे, तिच्याकडे पाठ. म्हणजे फँटम झालेल्या लॉन चेनीचा तो चेहरा (रंगभूषाही त्याचीच) आधी आपल्याला दिसतो आणि तिला नंतर. मधले ते दोन क्षण आपण तिला सावधही करू शकत नाही. त्याचा जबडा उघडतो आणि आवाज येत नाही. मला तर आवाज नसल्यामुळेच जास्त भीती वाटली.

पिटातला प्रेक्षक
झुंबरापुरतं माझं म्हणणं मागे घेतलं. चेहऱ्याचा मुद्दाही लागला. पण ही करामत सिनेमाची झाली, रंगमंचाची कुठे?

'ऑपेरा'चं घ्या. खुनी त्यातल्या गायिकेला बांधतो आणि डोळ्यांखाली सुयांची रांग चिकटवतो. पापणी मिटली की सुया टोचणार, म्हणून तिला खून बघावाच लागतो. भीतीच्या जागी लोक डोळे झाकतात याची अर्जेन्तोला चीड, त्यातून हे सुचलं म्हणे. ही तर कबुलीच झाली! पडद्यावरच्या माणसाला डोळे मिटून घालवता येतं. नाटकात डोळे मिटले तरी तो दहा फुटांवर श्वास घेत असतो.

खडूस म्हातारा
सगळे युरोपातच अडकलेत. जपानात 1825 साली एडोला (आजचं टोकियो) 'योत्सुया कैदान' हे काबुकी, म्हणजे तिथल्या पारंपरिक रंगभूमीचं, नाटक आलं. नवऱ्याने दगा दिलेली ओइवा विषाने विद्रूप होऊन मरते आणि भूत होऊन मागे लागते. त्यात पाण्यावर तरंगत आलेल्या लाकडी दाराला एका बाजूला ओइवाचं प्रेत असतं. दार उलटतं, दुसऱ्या बाजूला नोकराचं प्रेत. दोन्ही भूमिका एकाच नटाच्या! आजही हे नाटक करण्याआधी मंडळी तिच्या देवळात जाऊन येतात. जपानी दिग्दर्शक मीकेने 2014 मध्ये 'ओव्हर युअर डेड बॉडी' केला, तो याच नाटकाच्या तालमींवर. तालीम कुठे संपली आणि घर कुठे सुरू झालं, ते कळत नाही. तो पाहा, मग बोला.

आणि इतक्या लांब तरी कशाला? मल्याळम 'मणिचित्रताळ' (1993) किंवा आपला हिंदी 'भूल भुलैया' घ्या. नर्तकी अंगात आलेल्या बाईला बरं कसं करतात? धूर, तलवार आणि फिरणारी फळी. माणूस खाली, पुतळा वर, आणि तिचा वार पुतळ्यावर. एकाच प्रेक्षकासाठी लावलेला प्रयोग आहे तो.

निशाचर
+1. फळी मला सुचली नव्हती.

पिटातला प्रेक्षक
मीके बघतो. पण काका, ती फळी आपल्याला दाखवून टाकतात, तिथेच भीती संपते. युक्ती कळल्यावर घाबरायचं कशाला?

दुसरी विंग
फळी फिरवणाऱ्याला विचारा. वर खरी तलवार असेल तर हाताला घाम किती येतो ते सांगेल.