दुसरी खेप, कडेवर सव्वादोन वर्षांची लेक आणि रक्तदाबाची धास्ती

प्रश्न : लेकीची आई, जुळे सोलापूर

नमस्कार. मला चौदावा आठवडा चालू आहे आणि थोरली लेक सव्वादोन वर्षांची आहे. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात माझा रक्तदाब १५०/१०० झाला होता. डोके ठणकत होते, पण मे महिन्याच्या उन्हाचा त्रास समजून मी ते दोन दिवस अंगावर काढले आणि शेवटी छत्तिसाव्या आठवड्यात घाईने सिझर करावे लागले. लेक सुखरूप झाली, तरी ते दोन दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

या वेळी हिमोग्लोबिन ९.४ आले आहे. लोहाच्या गोळीने मळमळते, म्हणून ती अनेकदा राहूनच जाते. हे एमआयडीसीत रात्रपाळीला असतात आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले आहेत, त्यामुळे लेकीचे सारे करणे आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी घागरी-पिंप भरून ठेवणे माझ्याकडेच असते. लेक बारा किलोची आहे आणि जिना आला की कडेवरच घे म्हणून हट्ट करते. परवा तिने माझ्या गोळ्यांचे पाकीट खुळखुळ्यासारखे हातात घेतलेले पाहून मी इतकी ओरडले की नंतर आम्ही दोघीही रडलो. रात्री ती झोपली की पोटावर हात ठेवून हालचाल जाणवते का, ते पाहत पडून राहते; अजून काहीच जाणवत नाही. लेकीला उचलल्याने पोटातल्या बाळाला अपाय होतो का, आणि रक्तदाब पुन्हा वाढणारच असे धरून चालायचे का?

उत्तर : निवृत्त परिचारिका, होटगी रस्ता

ताई, सर्वांत आधी त्या पाकिटाविषयी लिहिते. लोहाची लाल, गोड आवरणाची गोळी लहान मुलाला खाऊसारखीच दिसते, आणि तशा काही गोळ्या पोटात गेल्या तर मुलाच्या जिवावर बेतू शकते. तुम्ही ओरडलात ते योग्यच होते. गोळ्या कुलपात ठेवा, आणि कधी गिळल्याचा नुसता संशय आला तरी त्रास दिसण्याची वाट न पाहता दवाखाना गाठा.

रक्तदाब पुन्हा वाढेलच असे नाही, परंतु एकदा वाढलेला असल्यामुळे शक्यता अधिक असते, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. अशा स्त्रियांना पुष्कळदा कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात आणि ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते. तुमचा चौदावा चालू आहे, तेव्हा याच आठवड्यात विचारा. स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका. पुढे न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली, तर ऊन असो वा नसो, त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर लगेच डॉक्टरांकडे जा.

गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. ९.४ असताना रोज दोन गोळ्या देण्याची पद्धत आहे, आणि तुमच्या तर एकेकच चुकत आहेत. गोळी रात्री झोपताना, लिंबूपाण्याबरोबर घेऊन पाहा; चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून किमान दोन तास दूर ठेवा. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. महिनाभर नियमाने घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमनेही वाढले नाही, तर शिरेतून लोह देण्याविषयी डॉक्टरांशी बोला.

चौदाव्या आठवड्यात हालचाल जाणवत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. दुसऱ्या खेपेला ती साधारण सोळा ते अठरा आठवड्यांच्या सुमारास कळू लागते. आधी सिझर झाले आहे, म्हणून अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार जुन्या टाक्यांवर तर नाही ना, हे आवर्जून विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते. तुमची खेप जोखमीची ठरली तर कार्डावर लाल खूण लावतात. ती पाहून धसका घेऊ नका, तिच्यामुळे तुमच्याकडे अधिक लक्ष दिले जाते.

उत्तर : दोघांची आई, अक्कलकोट रस्ता

रक्तस्राव किंवा डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती नसेल, तर मूल उचलल्याने बाळाला अपाय होत नाही, असे माझ्या डॉक्टरांनी मला सांगितले होते. मात्र कंबर वाकवून उचलू नका. मी खाली बसत असे, लेक स्वतः मांडीवर चढत असे आणि मग तिला छातीशी धरून उठत असे. जिन्यावर तिचा हात धरून एकेक पायरी मोजत चढायचे ठरवले, आणि आठवड्याभरात तिला कडेपेक्षा ते मोजणेच आवडू लागले. भरलेली घागर मात्र अजिबात उचलू नका. पिंपात थेट नळी सोडा. आणखी एक: तिचे उष्टे खाणे आणि तिचाच चमचा वापरणे सोडा. लहान मुलांच्या लाळेतून गर्भाला बाधणारे काही विषाणू येऊ शकतात. भाकरीचा उरलेला तुकडा टाकवत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मी तिला वाढायचेच कमी.

उत्तर : रात्रपाळीचा बाप, विजापूर रस्ता

वहिनी, मीही रात्रपाळी केली आहे. सकाळी घरी आलो की झोपण्याआधी मुलाची अंघोळ मी घालत असे आणि हिचा रक्तदाब घरच्या यंत्रावर मोजून वहीत लिहीत असे. दादांना हे दोन्ही सांगा. सांगितल्याशिवाय आम्हा पुरुषांच्या लक्षात येत नाही. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक सासूबाईंनाही पाठ करायला लावा, कारण रात्री घरात त्याच असतात.

लेकीची आई, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. गुरुवारची वेळ मिळाली आहे आणि ॲस्पिरिनचा प्रश्न कार्डाच्या मागेच लिहून ठेवला आहे. गोळ्या सासूबाईंच्या लोखंडी कपाटात गेल्या आहेत. किल्ली त्यांच्या कमरेला असते, आणि रात्री जेवणानंतर त्याच गोळी काढून हातावर ठेवतात. आज जिना चढताना लेक सातपर्यंत मोजून पुन्हा एकवर आली.